ज्युरीने हे विसरावं

दाराचं काही बोलू नका म्हणून तिच्या वकिलाने दहादा बजावलं होतं, तरी साक्षीच्या पिंजऱ्यात मृदुलाच्या तोंडून ते निघालंच.

“माझ्या नवऱ्याचा त्या लिफ्टमध्ये जीव गेला आणि तिसऱ्याच दिवशी कंपनीने दार बदललं. मी उभी राहून बघितलंय. मग आधी का नाही बदललं?”

न्यू जर्सीच्या त्या कोर्टात निकाल देणाऱ्या ज्युरीचे सहाही जण पुढे झुकले. पुढच्या खुर्चीतली म्हातारी तर रडायलाच लागली.

“ऑब्जेक्शन!” कंपनीचा वकील उठला. “मागाहून केलेली दुरुस्ती म्हणजे चुकीची कबुली नव्हे. कायद्याने हा पुरावा चालत नाही.”

“मान्य,” न्यायाधीश म्हणाले. “ज्युरीने हे विसरावं.”

पूर्वीचे न्यायाधीश एवढं म्हणून थांबत. यांनी टेबलावरचं बटण दाबलं. सहाही जणांच्या कपाळावरच्या पट्ट्या क्षणभर निळ्या झाल्या.

“तुम्ही ऐकलंत ना?” मृदुला कळवळून म्हणाली. “आत्ताच ऐकलंत ना सगळ्यांनी?”

सहाही जण सभ्यपणे तिच्याकडे बघत राहिले. म्हातारीने स्वतःचा ओला गाल चाचपला आणि पाणी कुठून गळतंय ते बघायला छताकडे मान वर केली.