हे म्हणजे कोण?

“हे वर गेलं, की हे खाली येतं,” अर्थशास्त्राच्या मॅडमनी वर्षभर फळ्यावर खडू आपटत शिकवलं. मला दिसत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. एकदा विचारलंच, “मॅडम, हे म्हणजे कोण?” “मॅडमचे हे!” मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग खिदळला. “फळ्याकडे बघा सगळे,” मॅडम म्हणाल्या. सगळ्यांत मीही आलो. तास रेकॉर्ड करून घरी ऐकायचो. तिथेही हे, हे आणि खडूची टकटक. डोकं उठायचं. तोंडी परीक्षेत मॅडमनी विचारलं, “किंमत वाढली की मागणीचं काय होतं?” मी टेबलावर बोट आपटलं. “हे वर गेलं, की हे खाली येतं.” “काय हे हे लावलंस? नाव घे! मला कसं कळणार?” मी रेकॉर्डर लावला. त्यांचाच आवाज, खडूसकट. मॅडम म्हणाल्या, “रेकॉर्डिंगची परवानगी कोणी दिली तुला?”