दिदीच्या हाताची चव

नेपाळमधल्या धरानच्या धनमाया दिदीकडे शनिवारी बायबल वाचायला इतकी माणसं जमू लागली, की दाराबाहेर चपलांनाही जागा उरेना. मग तिने गटातल्याच लाजऱ्या सिर्जनाच्या घरी दुसरा गट काढून दिला. पण वाचनानंतर मिळणारा दिदीचा मेथीच्या फोडणीचा ताजा बटाट्याचा अचार सोडून तिकडे जातंय कोण?

आणि अचानक दिदीच्या हाताची चवच गेली. अचार कधी खारट, कधी मेथी जळून कडू. सिर्जनाच्या सासूचा मात्र फक्कड जमू लागला. निम्मी माणसं अचारासाठी तिकडे गेली आणि सिर्जनाचं बोलणं ऐकून तिथेच रमली.

सिर्जना रडवेली होऊन आली. "दिदी, मी तुमची माणसं पळवली हो!"

"पळव की! फक्त सासूला सांग, माझं पातेलं घासून परत दे म्हणावं. उद्या शनिवार, अचार कशात पाठवू?"