पाठमोरा फोटो

"मानेपासून कमरेपर्यंत पाठ उघडी," कोकिळा म्हणाली. "इथे स्टुडिओत नाही. माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर."

प्रभाकररावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. वर्ध्यातले ते नावाजलेले फोटोग्राफर. त्यांच्या भिंतीवर मालगुजार होते, वकील होते, नवी जोडपी होती. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी विधवा बाई असला फोटो मागायला येईल, असं त्यांना कधी वाटलं नसावं.

तिच्या मागे घरमालकीण रुख्माबाई बसल्या होत्या. त्यांनी पदर दातांत धरला होता.

"काळजी करू नका," प्रभाकरराव हळू आवाजात म्हणाले. "निगेटिव्हची काच मी स्वतः धुतो. प्रत तुमच्या हातात, काचही तुमच्या हातात. माझ्या बायकोलासुद्धा कळणार नाही."

"आणि रिटचिंग?"

ते खुलले. भिंतीवरच्या एका नवरीकडे त्यांनी बोट केलं. "ही मुलगी पाहा. देवीच्या व्रणांनी चेहरा भरलेला. काचेवर बारीक पेन्सिल चालवली. दिसतो एक तरी?"

कोकिळा फोटोजवळ जाऊन बराच वेळ पाहत राहिली. नवरीचे गाल चिनी मातीच्या बशीसारखे गुळगुळीत होते.

"काम सुंदर आहे," ती म्हणाली. "विचार करून सांगते."

रस्त्यावर येताच रुख्माबाईंचा पदर सुटला. "आता कायचा विचार वं? इतका देवमानूस! काढाचाच असन तर याच्याकडूनच काढ. अन् कोनासाठी काढून राह्यली, थे तरी सांग मले."

"कोणा एकासाठी नाही."

"मंग तुह्या दिराले शाळेत काय सांगाचं हाय?"

कोकिळा मोटार स्टँडच्या दिशेने चालू लागली.

नवरा वारल्यापासून तिचा दीर चंद्रभान दर महिन्याला समुद्रपूरहून यायचा आणि एकच सांगायचा: नोकरी सोड, गावी चल, भाकरी टाकायला घरात बाई नाही. मागच्या खेपेला मात्र त्याने आवाज खाली आणला होता. शनिवारी येतो, तोवर सामान बांधून ठेव. नाहीतर भावाने मला तुझ्याबद्दल जे सांगितलं ते तुमच्या मोठ्या बाईंना सांगतो. मग कोण आपली पोर तुझ्या वर्गात बसवते, पाहू.

रुख्माबाईंनी ते दाराआडून ऐकलं होतं. त्यांनी आपल्या मनाने एक पुरुष ठरवून टाकला होता, आणि तो कोण असेल याचा अंदाज घेत त्या रोज ओट्यावर बसत होत्या.

लक्ष्मणरावांचं फोटोचं दुकान मोटार स्टँडसमोर होतं. दुकान अरुंद, पण दर्शनी काच मोठी. मोटारीतून उतरणारा माणूस पिशवी खाली ठेवायच्या आधी त्या काचेकडे पाहायचा. काचेत तालमीतले पैलवान होते, खुर्चीत झोप लागलेले एक साहेब होते, दोन सवती एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या होत्या.

"हे फोटो विचारून लावता?" कोकिळेने विचारलं.

"विचारलं तर हो कोन म्हनते, बाई?" लक्ष्मणराव म्हणाले.

"पेन्सिल चालवता?"

"थो उद्योग आपल्याच्यानं होत नाई. डोळे दुखते. मानूस जसा हाय तसाच येते. मंग लोकं भांडाले येते."

रुख्माबाईंना राहवलं नाही. "गप तरी राह्यता का, भाऊ? पाहिलेलं पोटात ठेवता का?"

"मावशी, मले गप राह्यता आलं असतं तर बायको माहेरी काऊन गेली असती?"

कोकिळा हसली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसत होती. तिने आपल्याला कसा फोटो हवा आहे ते सांगितलं. लक्ष्मणरावांच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

"गुरुवारी सकाळी घरी या," ती म्हणाली.

"अवं, डोक्सं फिरलं काय तुहं?" रुख्माबाईंनी घरापर्यंत तिचा दंड सोडला नाही. "संध्याकाळपावतर अख्ख्या वर्धेले समजन. नोकरी जाईन. मंग जा समुद्रपूरले, थाप भाकरी."

"तुम्ही गुरुवारी माझ्याजवळ बसाल ना?"

"बसीन. शिव्या देत बसीन."

गुरुवारी कोकिळेने पलंग उत्तरेच्या खिडकीजवळ ओढून घेतला. थेट ऊन नको, ती म्हणाली. मऊ उजेडात रंगांतला फरक नीट येतो. लक्ष्मणरावांनी कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं आणि काळ्या कापडाखाली डोकं घातलं. रुख्माबाईंनी दाराला आतून कडी लावली.

कोकिळा पाठमोरी बसली. अंबाडा वर बांधला. मग तिने पोलकं काढून बाजूला ठेवलं आणि पदर कमरेपर्यंत सोडला.

लक्ष्मणराव कापडाखालून हळूच बाहेर आले.

रुख्माबाई खाली बसल्या. कोकिळेच्या सावळ्या पाठीवर, दोन्ही खांद्यांपासून कमरेपर्यंत, पांढरे डाग पसरले होते.

"कोड," त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मानूस-बिनूस कोनी नाईच?"

"नाही, रुख्माबाई. एवढंच आहे."

लक्ष्मणरावांनी घसा साफ केला. त्यांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला होता. "बाई, भिऊ नका. मी बडबड्या हाय, पन इतका हलकट नाई. गळ्याची आन, हा फोटो काचेत लागनार नाई. मेलो तरी कोनाले दाखवनार नाई."

"शनिवारी समुद्रपूरच्या मोटारीतून माझा दीर उतरेल, तेव्हा हा फोटो काचेत मधोमध असला पाहिजे," कोकिळा म्हणाली. मान जरा वळवून तिने चेहरा उजेडात आणला. "झाकायचंच असतं, तर मी प्रभाकररावांकडे गेले असते."