एमेट काय म्हणाला

पडद्यावर नायक प्रेयसीचा निरोप घेत होता, ऑर्गनवाल्यानं सूर अगदी हळवे केले होते, आणि पुढच्या रांगेतली पाच-सहा माणसं खुदकन हसली.

व्हर्ना चिडली. मग तिच्या लक्षात आलं, ती माणसं हातांनी बोलत होती. बहिऱ्यांच्या शाळेतली मंडळी. ती नटाचे ओठ वाचत होती, आणि मध्ये संवादाच्या पाटीवर लिहून आलेलं ते काही तो बोलत नव्हता.

लढाईचा तो मूकपट सॅन अँटोनियोच्या त्या थिएटरात दर नोव्हेंबरात लागतो. साठ वर्षं झाली, अजून हॉल भरतो. व्हर्ना म्हाताऱ्या आईला, ओटिलीला, घेऊन दरवर्षी येते ती त्यातल्या चार सेकंदांसाठी. निरोपानंतर पलटण कूच करते. चित्रीकरणाला तेव्हा इथल्या छावणीतले खरे शिपाई घेतले होते. त्यांतला तिसरा तिचा बाप, एमेट. शेजारच्याकडे वळून काहीतरी बोलतो, हसतो आणि निघून जातो. व्हर्ना जन्मायच्या आधीच तो न्यूमोनियानं गेला. तो तुझंच नाव घेतोय, आम्ही ते आधीच ठरवून ठेवलं होतं, असं आई तिला लहानपणापासून सांगत आली होती.

पलटण आली. गेली. पुढच्या रांगेतली एक पिकल्या केसांची बाई स्वतःशीच हसली.

खेळ सुटल्यावर आईला दाराजवळच्या खुर्चीत बसवून व्हर्नानं त्या बाईला गाठलं. थेल्मा तिचं नाव. तिनं व्हर्नाच्या ओठांकडे बघत सगळं समजून घेतलं, मग जरा घुटमळली.

"मोठं काही नाही हं," ती सपाट, जड आवाजात म्हणाली.

"चालेल. सांगा."

"'हळू चाल ना बाबा, बूट चावतोय.' एवढंच."

व्हर्नानं तिचा हात हातात धरला. आभार मानायचं मात्र राहूनच गेलं.

दोघी गाडीनं घरी निघाल्या. नदीवरचा पूल ओलांडल्यावर आईनं विचारलं, ती बाई काय म्हणाली.

"तू सांगतेस तेच," व्हर्ना म्हणाली. "माझं नाव घेतोय म्हणाली."



"मग तिला नीट दिसलं नसेल," आई म्हणाली. "बूट चावतो म्हणून कुरकुरत होता तो. नवे बूट दिले होते ना त्यांना, त्या सिनेमासाठी. घरी आला तो लंगडतच. टाचेला हा एवढा फोड. मी रात्री पाय मांडीवर घेऊन मलम लावलं, तर गुदगुल्या होतात म्हणून लाथा झाडत होता मेला."

व्हर्नानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. इतकी वर्षं खोटं का सांगितलंस, हे विचारावंसं तिला वाटलंच नाही.

"कुठला पाय?"

"डावा." ओटिलीनं सीटवरच वाकून आपली चप्पल काढली, आखडलेलं बोट टाचेच्या वर, शिरेपाशी टेकवलं. "इथं."