पंचविसावी पुंगळी

"बंदूक खाली ठेव, लव्हॉन. आधी ठेव, मग बोल."

ऑरिन गाडीतून उतरला तो इंजिन बंद करायचंही विसरून. नेमबाजी क्लबच्या मैदानावर त्याची मुलगी लव्हॉन बंदूक रोखून उभी होती. समोरून मातीची तबकडी उडायच्या बेतात होती. तिने बंदूक उघडली, आतलं काडतूस काढलं आणि दोन्ही शेजारच्या फळीवर ठेवली.

"अरे, बरं झालं आलास," क्लबचा मर्ल हसत म्हणाला. "आज तुझी लेक डाव्या खांद्यावरून बार काढतेय. आभाळ भरलंय तरी काळा चष्मा. सिनेमात जाणार म्हणे."

ऑरिनचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. काडतुसं कुठली आहेत, एवढंच त्याने विचारलं. बाबांनी भरून दिलेलीच, बुधवारी दिलेला डबा आजच वापरायला काढला, असं लव्हॉन म्हणाली.

चाळीस वर्षं तो उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचून पुन्हा भरत आला होता. पुंगळी उचलली की आधी तोंड बघायचं, मग बोटाने पितळी बूड हलवून बघायचं, मग उजेडाकडे धरून आत डोकवायचं. तोंड चिरलेली नको, बूड सैल झालेली नको, आतून जळलेली तर नकोच. शंभरातल्या साठ ठेवायचा. बायकोसुद्धा त्याने इतकी पारखून केली नव्हती, असं मर्ल म्हणायचा. हल्ली त्याला सगळ्यात चांगल्या पुंगळ्या मिळत त्या जावयाच्या. ड्वेन नेहमी विकतची, एकाच लाल रंगाची काडतुसं उडवायचा आणि पुंगळ्या तिथेच टाकून द्यायचा. सासरा माझं उष्टं गोळा करतो, असं तो चारचौघांत सांगायचा.

भरायला बसलं की फोन उचलायचा नाही, हा ऑरिनचा नियम. तो त्याने एकदाच मोडला, मंगळवारी, कारण लव्हॉनचा फोन असेल असं त्याला वाटलं. तिचाच होता. ती रडत होती. तळघराच्या पायऱ्यांवरून पडले, खांदा दुखतोय, एवढंच म्हणाली. त्याने तिला शेकायला सांगितलं आणि परत येऊन राहिलेल्या पुंगळ्या भरल्या.

आज सकाळी त्याने बंदुकीच्या दारूची बाटली तोलली, तर ती एका मापाने हलकी भरली. म्हणजे लव्हॉनला दिलेल्या डब्यातल्या पंचवीस काडतुसांपैकी एकात दारू दुप्पट पडली होती. असलं काडतूस उडालं तर बंदुकीची नळी फुटते, आणि नळीच्या मागे माणसाचा चेहरा असतो. त्याने तिच्या घरी तीनदा फोन लावला. कोणी उचलला नाही.

"ड्वेनने यातलं काही नेलं नाही ना?"

"तुमच्या भरलेल्याला तो हात लावतो का कधी?" लव्हॉन म्हणाली.

ड्वेनची गाडी आठलाच माळाकडे गेली, असं मर्लने सांगितलं. रानकोंबड्यांवर दहाच्या आधी बार काढायची परवानगी नाही, तरी याला दरवेळी घाई.

ऑरिनने खिशातला चाकू काढला. फळीवरचं एक आणि डब्यातली अकरा, अशी न उडवलेली बारा लाल काडतुसं होती. एकेक कापून त्याने दारू मापात ओतली. मर्लचं हसू केव्हाच मावळलं होतं. बाराही बरोबर निघाली.

मग त्याने तिच्या कमरेची पिशवी फळीवर उपडी केली. उडवलेली एकही पुंगळी ती मागे टाकत नसे, ही त्याचीच शिकवण. त्याने एकेक पुंगळी डोळ्यांजवळ नेली. बुडातली दारू पेटवणारी टोपी चपटी झालेली नाही, बूड फुगलेलं नाही. सगळ्या निर्दोष. त्याने त्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

बाराच होत्या.

एक कमी होती. पुंगळी असेल तर काळजी नाही, पण भरलेलं काडतूस असेल तर? ते कोणाच्या तरी हाती लागणार, आणि तो माणूस फुकटचं म्हणून बंदुकीत घालणार. ऑरिन गुडघ्यांवर बसला आणि गवत चाचपू लागला. मर्ल पलीकडच्या बाजूने शोधत निघाला. लव्हॉन मात्र जागची हलली नाही. ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती.

बऱ्याच वेळाने ती त्याच्याजवळ येऊन बसली.

"उठा बाबा. ते गवतात नाही."

"मग?"

"बुधवारी रात्री डबा उघडून बघितला होता मी. एकाची तोंडाची घडी नीट बसली नव्हती, वर फुगली होती. असलं काडतूस बंदुकीत घालायचं नाही, तुम्हीच शिकवलंत ना? मी ते बाजूला काढलं."

ऑरिनला रडू कोसळलं. सकाळपासून तिचा फुटलेला चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता, आणि ती धडधाकट समोर बसली होती. त्याने बाहीने डोळे पुसले.

"शहाणी माझी पोर," तो म्हणाला. "टाकलंस कुठे ते?"

लव्हॉनने काळा चष्मा काढला. उजवा डोळा काळानिळा होऊन पार मिटला होता.

"टाकलं नाही. ड्वेनच्या जाकिटाच्या खिशात ठेवलं, त्याच्या लाल काडतुसांत. सगळ्यात वर."

ऑरिनची गाडी अजून सुरूच होती. तो धडपडत उठला. लव्हॉनने त्याचा हात धरला आणि घड्याळ त्याच्यापुढे केलं.

"दहा वाजून गेलेत, बाबा."