हंगामापूर्वीची परीक्षा

"कॅप्टन, चुकवायचं नक्की कुठे कुठे, तेवढं सांग ना," टायरीसने विचारलं. पोरगा अंगाने दाराएवढा होता, पण चेहरा अजून कॉलेजातलाच. लेकपोर्ट कूगर्स या अमेरिकन फुटबॉल संघातला हा त्याचा पहिलाच हंगाम.

डॅरिल हॉलिस आपल्या कपाटाच्या कुलपाशी झटापट करत होता. आकडे फिरवून फिरवून दमला, तरी ते काही उघडेना. "कशात चुकवायचं?"

"बघा, म्हातारा भाव खातोय!" पलीकडून गिब्सन ओरडला. "अरे, डोक्याच्या परीक्षेत. या संघाला ही विद्या शिकवली कोणी? तूच ना, गुरुदेव?"

सगळे हसले. डॅरिलही हसला, पण उसनं.

हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूला संगणकापुढे बसवत. शब्द लक्षात ठेवा, आकृत्या ओळखा, खूण दिसली की बटण दाबा. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. गुण घसरले की खेळाडू बाहेर. म्हणून हुशार मंडळी सुरुवातीलाच मुद्दाम चुका करून ठेवत. विहीर आधीच आटलेली दाखवली की नंतर पाणी किती गेलं ते कोण मोजणार?

मागच्या वर्षी डॅरिलने ही युक्ती कीनन बोमनच्या गळी उतरवली होती. कीनन त्याच्या डाव्या हाताला खेळायचा. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी त्याचं डोकं आपटलं, परीक्षेत तो आरामात पास झाला आणि पुढच्याच सामन्यात पुन्हा उतरला. तिथे पुन्हा आपटलं. आता तो आईच्या घरी पडदे ओढून बसतो. उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही.

गेल्या रविवारी डॅरिल त्याला भेटायला गेला होता. कीननच्या आईने गरम, गोड पीच कॉबलरची बशी पुढे केली. "माझ्या लेकाला तू फार सांभाळून घेतलंस रे बाळा," ती म्हणाली. डॅरिलने बशी तशीच मांडीवर ठेवली. तिच्या पोराला आपणच त्या अंधारात बसवलं आणि ती आपल्यालाच खाऊ घालते आहे, हे त्याला काही केल्या विसरता येत नव्हतं.

आज सकाळी निघताना त्याने बायकोला सांगितलं, "रोशेल, यंदा मी परीक्षा खरी देणार. एकही चूक मुद्दाम करायची नाही. शपथ."

"ही शपथ तू मघाशी नाश्त्यालाही घेतलीस."

"मग दोन झाल्या. आता मोडायची तरी सोय नाही."

ती हसली नाही. "डॅरिल, त्या माउलीला तोंड दाखवायची मला लाज वाटते. एवढं खरंच कर."

गाडीत बसला तरी कीननच डोक्यात होता. त्या नादात मैदानाकडे जाणारा फाटा मागे राहिला आणि चर्चपाशी गाडी वळवून परत यावं लागलं.

खरी परीक्षा त्याला परवडणारी नव्हती. तो संघाचा सेंटर. प्रत्येक डावाला चेंडू दोन पायांतून मागे द्यायचा आणि समोरच्या डोंगराला डोक्याने अडवायचं, हे त्याचं काम. आता गुण चांगले आले की पहिल्या धडकेनंतर जे घसरतील ते उघडे पडणार. करार याच हंगामापुरता होता. यंदा चषक आपलाच, असं गावातले न्हावीसुद्धा सांगत होते. आणि त्याच्या वयाच्या माणसाला एकदा बाकावर बसवलं की पुन्हा कोणी उठवत नाही.

बसवेनात का, त्याने ठरवलं. कीनन बसलाच आहे.

"ऐक, कीनन," तो कुलूप सोडून पोराकडे वळत म्हणाला.

"टायरीस," पोरगा हळूच म्हणाला.

"टायरीस. ऐक, कोणीही काहीही चुकवायचं नाही. सगळं खरं द्यायचं."

"आणि तू?"

"मीही."

"करून करून भागला आणि देवपूजेला लागला!" गिब्सन म्हणाला. या वेळी मात्र कोणी फारसं हसलं नाही.

डॅरिल परीक्षेला बसला. दरवर्षी तो खिडकीबाहेर बघत, शीळ घालत बटणं दाबायचा. आज त्याने शब्द ओठांत पुन्हा पुन्हा घोळवले, आकृत्या डोळे बारीक करून पाहिल्या. घाम फुटला. बाकीचे उठून जेवायला गेले, तरी तो बसूनच होता. खोटं उरकता येतं, खऱ्याला वेळ लागतो, असं त्याला वाटलं. शेवटचं बटण दाबून तो बाहेर आला, तेव्हा कित्येक महिन्यांनी छातीवरचं ओझं उतरलं होतं.

त्याने रोशेलला फोन केला. "दिली. अगदी खरी दिली."

 ती म्हणाली, "मी आजच कीननच्या आईकडे जाऊन येते."

संध्याकाळी संघाच्या डॉक्टरांनी, लिंडक्विस्टनी, त्याला बोलावलं. यंदा गुण एकदम वर गेले असणार आणि ते कारण विचारणार. आता लपवायचं नाही, असं ठरवूनच तो आत गेला.

"दार लावून घे," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, आधीच्या वर्षांचं मला तुम्हाला सांगायचंय. मी दरवेळी मुद्दाम—"

"माहीत आहे मला. तू ढोंग करतोस आणि मी डोळेझाक करतो. पण ढोंगाला काही सुमार, डॅरिल? मागच्या वर्षी मुद्दाम चुकूनही निम्मे शब्द बरोबर होते तुझे. यंदा त्याच्या निम्मेही नाहीत. हा कागद मी वर पाठवला तर तुला सरावालाही कोणी उभं करणार नाही. उद्या सकाळी परत ये आणि या वेळी तरी मन लावून दे."