पोवळ्यांचं पान

देव्हाऱ्यातल्या पांढऱ्या दगडाला धोंडाबाई हळदकुंकू लावत होती. तेवढ्यात तिच्या दिरानं, कोंडाजीनं, नको तेव्हा नको ते विचारलं. "सोपाना, तुझ्या ह्या समुद्रातल्या द्येवाचं नाव तरी काय रं?"

सर्वपित्रीचा दिवस. पितरांची पानं वाढून तयार, आणि वडलांच्या नावानं पाणी सोडायला सोपान पाटावर बसलेला. लढाईवर असताना तांबड्या समुद्रात त्याची बोट बुडाली, तेव्हा एका खडकानं त्याला आधार दिला. दुसऱ्या बोटीवरच्यांनी त्याला ओढून काढलं तेव्हा मुठीत राहिलेला खडकाचा तुकडा त्यानं घरी आणला. त्याच्या आईच्या, धोंडाबाईच्या, लेखी तो देवच. पोर परत आल्यापासून रोज आंघोळ घालायची त्याला. सोपाननंही कधी तोंड उघडलं नव्हतं. पण आज पितरांसमोर त्याला लपवावंसं वाटेना.

"द्येव न्हाई तात्या, पोवळ्याची जात हाय. तिळायेवढे जीव असत्यात. आपल्याभवती चुन्याचं घर बांधत्यात अन् मरत्यात. मग त्येंची पोरं त्यावर बांधत्यात. कुटं सांबराच्या शिंगावानी, कुटं आळंब्यावानी. दिवसा मिटून बसत्यात, रातच्याला बोटं भायेर काढून खात्यात. माझ्या पायाखाली लागायची मऊ मऊ. एडनच्या डाक्तरनं समदं सांगितलं मला."

"म्हंजी हाडंच की!" कोंडाजीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "वैनी, तुमी माळकरीन, अन् किड्यांची हाडं पुजताय व्हय? काढा ती. नदीत सोडा."

धोंडाबाईचा चेहरा पार उतरला. तिच्या चुलीला कधी अंडं लागलं नव्हतं. ज्यांनी जीव वाचवला, त्यांना आपल्याच तोंडानं घराबाहेर काढलं, असं सोपानला झालं.

"पानी किती व्हतं रं तितं?" तिनं हळूच विचारलं.

"भवतीनं थांग न्हाई. मी हुबा व्हतो तितं छातीपातुर. रातभर."

"अन् ती? जिती का मेल्याली?"

"वरची जिती. खाली समदी मेल्याली. हजारो वर्सांची."

धोंडाबाईनं दगड देव्हाऱ्यातून उचलला. पदरानं त्याचं हळदकुंकू नीट पुसलं. चला, सुटलो बाबा, म्हणून कोंडाजीनं तांब्या खाली ठेवला.

पण ती दाराकडे गेलीच नाही. पानांच्या ओळीत शेवटी तिनं आणखी एक पत्रावळ मांडली आणि तिच्यापुढे दगड ठेवला. भात वाढला, आमटी वाढली, खीर वाढली, आणि परत जाऊन वडा आणला.

"हे कुनाचं पान, वैनी?"

"माझं लेकरू ज्यांच्या खांद्यावर हुबं व्हतं, त्येंचं."

मग सोपानकडे वळून म्हणाली, "पानी सोड, बाबा. त्येंच्या घरचं हितं तुझ्याबिगार कोन हाय?"